तिकिटावरचे नाव

कोकणच्या किनाऱ्याचा इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आठवतात, आरमारे आठवतात, आंग्रे आठवतात. आगबोटीच्या तिकिटाला त्यात कोणी जागा दिलेली नाही. मला मात्र वाटते की, कोकणी माणसाच्या दोन-तीन पिढ्यांचा इतिहास त्या कागदाच्या चिटोऱ्यातच दडलेला आहे.

दिवाळी म्हणजे त्या तिकिटाचा हंगाम. पावसाळ्यात बंद पडलेला मुंबई-गोवा मार्ग पुन्हा सुरू झालेला असे. गिरगाव-परळच्या खोल्यांतले चाकरमानी ट्रंका, वळकट्या आणि मुलेबाळे घेऊन धक्क्यावर जमत. डेकचे तिकीट काढले की बोटीवर चढण्याचा हक्क मिळे; बसायची जागा मात्र सतरंजीने मिळवावी लागे. घरातला चपळ गडी आधी वर धावे, सतरंजी अंथरी आणि तिच्या चार कोपऱ्यांवर चार माणसे बसली की आरक्षण पक्के! पुढे हर्णैसारख्या बंदरात बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावात उतरून किनारा गाठावा लागे. मोटार बरोबर नेण्याचा विचार कोणाच्या स्वप्नातही नसे. खाडीपलीकडे मोटार न्यायची तर दोन होड्या शेजारी बांधून, वर फळ्या टाकून ती ढकलत चढवायची.

गोऱ्यांच्या कंपनीशी टक्कर घेण्यासाठी स्वदेशीच्या काळात देशी भांडवलावर आगबोट कंपनी उभी राहिली. 'माझी आगबोट कंपनी' हे तिचे लोकांच्या तोंडचे नाव. तिच्या 'तुकाराम', 'रामदास' या बोटींची नावे ऐकताच प्रवाशाला आपल्या माणसाच्या घरी आल्यासारखे वाटे. पण दर्या नावाला भुलत नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या.

त्याहून मोठा घाला १७ जुलै १९४७ रोजी पडला. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' सकाळी रेवसला निघाली. अमावास्येच्या सणाला घरी निघालेली माणसे, व्यापारी, कोळिणी अशी सातशेंच्या आसपास मंडळी बोटीवर होती. काशाच्या खडकाजवळ प्रचंड लाटा आल्या, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. बिनतारी यंत्र बोटीवर नव्हते. त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच लागला नाही. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलेले आणि पोहत किनाऱ्याला लागलेले, एवढेच वाचले. सहाशेंहून अधिक माणसे गेली.

नेमकी किती? आजही वेगवेगळे आकडे सांगितले जातात. विकलेली तिकिटे मोजता येत होती. पण डेकच्या तिकिटावर नाव कुठे असे? कोण चढले, कोण मागे राहिले, हे सांगणारे बरेचसे बोटीबरोबरच गेले होते. धक्क्यावर आलेल्या नातेवाइकाला कोणते पुस्तक उघडून दाखवणार?

काळ बदलला. २००३ साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली आणि चिपळूणवरून पडणारा मोटारीचा वळसा वाचला. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसह माणसे नेणारी मोठी बोट धावू लागली. 'रामदास' ज्या पाण्यातून निघाली, त्याच पाण्यातून आज तासाभरात मोटारी अलिबागच्या वाटेला लागतात. तिकीट घरबसल्या फोनवर निघते. गाडी लहान की मोठी, माणसे किती, हे आधी सांगावे लागते. हवामान बिघडले तर फेरी रद्द होते. काहींना ही कटकट वाटते. तिकीट असून बोट का सोडत नाही, म्हणून ते हुज्जत घालतात.

वाचकहो, या दिवाळीत बोटीने गावी जाणार असाल, तर फॉर्म भरताना कंटाळू नका. विचारलेली नावे नीट लिहा, मांडीवरचे मूलही मोजा. आपण जागा राखून ठेवतो असे आपल्याला वाटते. खरे तर, आपण बोटीवर आहोत एवढे कोणाला तरी सांगून ठेवत असतो. 'रामदास'च्या उतारूंना तेवढेही भाग्य लाभले नाही.