गिरणगावातील भाड्याची खोली

लालबाग-परळच्या बाजूने आपण कधी गेलात, तर विटांची एखादी उंच चिमणी अजून दृष्टीस पडेल. तिच्या पायथ्याशी गिरणी मात्र नाही. तिथे काचेच्या कचेऱ्या, मोठाली दुकाने आणि चाळीस-पन्नास मजल्यांचे मनोरे आले. भोंगा थांबला, गिरणी गेली, जमीन तेवढी राहिली. त्या जमिनीवर साध्या नोकरदाराला परवडेल असे, चार-पाच मजल्यांचे, भाड्याचे घर का उभे राहिले नाही? प्रश्न आजचा वाटतो. पण त्याचे उत्तर शोधायचे तर पुष्कळ मागे जावे लागते.

कावसजी दावर यांनी मुंबईच्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ साली काढली. दोन वर्षांनी ती गिरणी ताडदेवला चालू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या आणि रत्नागिरी, सातारा, पुणे या बाजूंची माणसे मुंबईला येऊ लागली. आलेला माणूस घर विकत घेण्याच्या गोष्टी करीत नसे. घर गावाला होतेच. त्याला हवी होती पाठ टेकायला जागा. कोकणातल्या कित्येक गावांनी मिळून गिरणगावात गावकीच्या खोल्या भाड्याने घेतल्या. एका खोलीत दहा-वीस जण, वळकट्या दोरीवर, ट्रंका भिंतीशी, जेवण खाणावळीत. दिवसपाळीचा उठला की त्याच जागी रातपाळीचा आडवा व्हायचा. हाल होते यात शंका नाही. पण गावाहून आलेल्या पोराला पहिल्या रात्री फुटपाथवर निजावे लागत नसे, ते या भाड्याच्या खोलीमुळेच.

पुढे १८९६ साली प्लेग आला. दाटीवाटीची वस्ती म्हणजे सगळ्या शहराच्या जिवाला धोका, हे तेव्हा सरकारच्या लक्षात आले. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. पुढे १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे आपल्या तोंडी बसलेले ‘बीडीडी’, स्थापन झाले. त्याच्या घरबांधणीसाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया कर बसविला गेला. गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या कापसावर गिरणी चालायची, त्याच कापसाने कामगाराच्या घराला हातभार लावायचा, असा तो हिशेब होता.

या खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले. मजल्यावर वीस खोल्या, चाळीत ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची, मधून बोळ, संडास सामायिक. त्या काळी फार नावाजल्या गेल्या असे मुळीच नाही. सिमेंट-काँक्रीटच्या त्या खोल्या लोकांना कोंदट वाटल्या, भाडे जड वाटले आणि पुष्कळ खोल्या आरंभी रिकाम्याच राहिल्या. एवढे असूनही एक गोष्ट मान्य करावी लागते. घर बांधून ते आपल्याकडेच ठेवायचे आणि कामकरी माणसाला कामाच्या जागेजवळ भाड्याने द्यायचे, हे काम सरकारने त्या वेळी अंगावर घेतले होते.

त्याच दशकात युरोपात व्हिएन्ना शहर हेच करीत होते, म्हणून त्याचे उदाहरण येथे देतो. तेथील नगरपालिकेने १९२३ साली घरबांधणीसाठी वेगळा कर बसविला. श्रीमंती घरांवर जास्त, गरिबांवर नाममात्र. त्यातून १९३४ पर्यंत ६० हजारांहून अधिक भाड्याची घरे उभी राहिली. आज त्या शहराच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरे आहेत. जुन्या उत्तर रेल्वे स्थानकाचे मोठे आवार रिकामे झाले, तेव्हा तेथेही अनुदानित भाड्याच्या घरांना जागा मिळाली. त्या शहराजवळ काही जादू होती असे नाही. हाती घेतलेले काम त्याने नंतर सोडले नाही, एवढेच.

आपण ते सोडले. कसे, ते पाहा. १९४७ च्या कायद्याने मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूला संरक्षण हवेच होते. परंतु महागाई वाढली, भाडे होते तिथेच राहिले आणि मालकांनी डागडुजी सोडून दिली. पागडीचा व्यवहार बोकाळला. भाड्यासाठी नवे घर बांधायला कोणी पुढे येईना. १९६३ साली मालकीच्या फ्लॅटचा कायदा झाला, १९६९ साली मोडकळीस आलेल्या चाळींसाठी दुरुस्ती मंडळ काढावे लागले. एका पिढीच्या आत ‘खोली भाड्याने मिळेल का?’ या प्रश्नाची जागा ‘ब्लॉक केवढ्याला पडला?’ या प्रश्नाने घेतली.

अशा स्थितीत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या. ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन, तीही शहराच्या मध्यावर! १९९१ च्या विकास नियमावलीत तिची वाटणी ठरली. ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. १९९६ साली वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. पण २००१ साली नियम बदलला. वाटणी करायची ती फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची. गिरणीच्या इमारतीखालची जमीन तीतून वगळली गेली. आता गिरणीच्या आवारात रिकामी जागा ती कितीशी असणार? २००५ साली उच्च न्यायालयाने हा अर्थ नाकारला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. घरांच्या वाट्याची जमीन आटली ती अशी.

जी आली, तिच्यावर म्हाडाने घरे बांधली. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली. घर २२५ चौरस फुटांचे, किंमत साडेसात लाख. त्यासाठी नावे नोंदविलेले कामगार व वारस होते जवळजवळ दीड लाख! ही घरे सगळी मालकीची. कामगारांनी मालकी मागितली, यात त्यांचे काही चुकले नाही. नोकरी गेलेल्या माणसाला आधार हवा होता आणि भाडेकरूचे हाल त्याने जन्मभर पाहिले होते. परंतु मालकीचे घर एकदाच वाटले जाते. ठरावीक मुदत संपली की ते बाजारभावाने विकले जाऊ शकते आणि पुढच्या गरजू माणसाच्या उपयोगाचे राहत नाही. भाड्याची खोली मात्र एकाने सोडली की दुसऱ्याला मिळते.

आणखी एक गोष्ट सांगतो. २००८ साली एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना आखली. खोलीचे माप पुन्हा तेच, १६० चौरस फूट! त्यांतली पनवेलजवळ कोन येथील घरे २०१६ साली दोन-दोन खोल्या जोडून गिरणी कामगारांना सोडतीने मालकी हक्काने दिली गेली. भाड्यासाठी बांधलेले घरसुद्धा आपण भाड्याचे राहू दिले नाही. आणि ते मिळाले ते गिरणगावापासून कोसन् कोस लांब.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या, पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चार पिढ्या एका खोलीत काढलेल्या माणसांना स्वतःचा संडास आणि स्वयंपाकघर मिळाले, याचा कोणालाही आनंदच वाटेल. पण त्यांच्या जुन्या चार मजली चाळींच्या जागी चाळीस मजली मनोरे आले आणि भाडेकरूंचे मालक झाले. उद्या गावाहून मुंबईला येणाऱ्या परिचारिकेला, वायरमनला, दुकानातल्या पोराला तिथे भाड्याची खोली कोण देणार?

वाचकहो, जुनी चाळ परत आणा असे कोणी म्हणणार नाही. तिचा बोळ आणि तिचे संडास ज्यांनी सोसले ते तर नाहीच नाही. मात्र तिच्यामागचा विचार टाकून देण्यासारखा नव्हता. मुंबईत अजून गोदीच्या, कारखान्यांच्या जमिनी मोकळ्या व्हायच्या आहेत. त्यांची वाटणी ठरेल तेव्हा किती घरे विकली जातील हे विचारणारे पुष्कळ भेटतील. भाड्याने किती राहतील, आणि त्यांची डागडुजी कोण करील, हेही कोणीतरी विचारले पाहिजे. ते आपणच विचारू या.