न थांबणाऱ्या गायकाची संगत

'साहित्य आणि चित्रपट' ही अभ्यासपत्रिका शिकवताना आम्ही दरवर्षी लोटे रायनिगर यांचा 'प्रिन्स आख्मेदची साहसे' (१९२६) हा छायाकृतींचा मूकपट दाखवतो. 'अरेबियन नाइट्स'मधील कथांचे रूपांतर कसे होते, हे दाखविण्यासाठी ६५ मिनिटांचा हा चित्रपट फार सोयीचा आहे. मागे एका वर्षी ऐन प्रदर्शनाच्या वेळी ध्वनिक्षेपकाने दगा दिला आणि निम्मा चित्रपट आम्ही पंख्याच्या घरघरीत पाहिला. दुसऱ्या दिवशी उरलेला भाग दाखवण्यापूर्वी एका विद्यार्थिनीने परवानगी मागितली आणि साखळदंडात जखडलेल्या जादूगाराचा प्रसंग पुन्हा लावून त्यावर आपल्या मोबाइलवरचे सारंगीवादन वाजविले. आदल्या दिवशी ज्या जादूगाराला वर्ग हसला होता, तो एकाएकी कोणाचा तरी बंदिवान, परका, एकटा माणूस दिसू लागला. पडद्यावरचे एकही चित्र बदललेले नव्हते.

त्यानंतर वर्गात जो वाद झाला तो आमच्या मनातून गेलेला नाही. काहींचे म्हणणे असे, की ही मूळ कृतीशी प्रतारणा आहे. या चित्रपटासाठी वोल्फगांग त्सेलर यांनी रचलेले संगीत उपलब्ध आहे, ते सोडून दुसरे लावणे म्हणजे संहितेत प्रक्षेप करणे. उलट पक्ष म्हणाला, की मूकपटाच्या फितीवर ध्वनी नाहीच. मग प्रत्येक संगीत ही टीकाच, आणि टीका एकच असावी असे कुठे आहे? टीका या शब्दाचे दोन्ही अर्थ, उलगडून सांगणे आणि दोष दाखविणे, येथे एकदमच उपस्थित होतात. प्रश्न चित्रपटाचा असला तरी तो आपल्या, म्हणजे साहित्याच्या अभ्यासकांच्या, घरचाच आहे.

आपल्याकडे संगीताच्या संदर्भात 'संगत' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. संवादिनीवादक गायकाच्या मागोमाग जातो, तबलजी ठेका धरतो, गायक मधूनच मान वळवून दाद देतो, थांबतो, साथीदाराला चार क्षण मोकळे सोडतो. मूकपटाला साथ करणाऱ्याच्या नशिबी यातले काही नाही. त्याचा गायक साथीदाराकडे पाहत नाही, श्वास घेत नाही, थांबत नाही. त्यातही अ‍ॅनिमेशनपटाची गोष्ट आणखी निराळी. जिवंत नटाच्या चित्रणात वेळ आपोआप येते. अ‍ॅनिमेशनमध्ये ती हाताने घडवावी लागते. सेकंदाला १६ चौकटी या गतीने चित्रे धावत असतील आणि संगीताची लय मिनिटाला ८० मात्रांची असेल, तर एका मात्रेत बरोबर १२ चौकटी बसतात. आठ मात्रांनंतर राजपुत्राची तलवार उचलली जावी असे वाटत असेल, तर ९६ चौकटी मोजून ठेवायच्या. आता प्रक्षेपकावरच्या माणसाने गती वाढवून २० केली, तर तीच तलवार सहा सेकंदांऐवजी ४.८ सेकंदांत उचलली जाते आणि वादक दीड मात्रेहून अधिक मागे राहतात. मूकपटांच्या काळात प्रक्षेपणाची गती सर्वत्र एकसारखी नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळच्या संगीतकाराचे दुखणे समजते.

या दुखण्यावरचा पहिला लक्षणीय उपाय १९२१ सालचा आहे. वाल्टर रुटमान हे मूळचे चित्रकार, वास्तुशास्त्रही शिकलेले, शिवाय चेलो वाजवणारे. महायुद्धातून परतल्यावर त्यांनी काचेवर तैलरंगांनी आकार रंगवून, पुसून, पुन्हा रंगवून एकेक चौकट टिपली आणि 'लिश्टश्पील ओपुस १' हा काही मिनिटांचा अमूर्त रंगीत चित्रपट केला. त्यात कथा नाही, माणूस नाही. आकार फुगतात, टोचतात, वाहतात. ओपुस हे संगीतरचनांना दिले जाणारे नाव त्यांनी चित्राला दिले, यातच त्यांचा हेतू उघड होतो. या चित्रपटासाठी माक्स बुटिंग यांनी पाच तंतुवाद्यांचे संगीत रचले. एका स्वरावलीला एकच वादक असे जे संगीत पाश्चात्य परंपरेत चेंबर म्युझिक म्हणून ओळखले जाते, त्या जातीचे. आपल्या भाषेत बैठकीचे. १९२१ च्या एप्रिलमध्ये फ्रांकफुर्ट आणि बर्लिन येथे तो दाखविला गेला तेव्हा चेलो खुद्द रुटमान वाजवीत होते. चित्र काढणाराच चित्राची संगत करतो, असा हा विरळा योग.

बुटिंग यांच्या स्वरलिपीत रुटमान यांनी रंगीत आकृत्या काढल्या होत्या. कोणत्या स्वरापाशी पडद्यावर कोणता आकार असेल, हे वादकाला स्वरांच्या ओळीतच दिसावे, म्हणून. आम्हांला ही स्वरलिपी एखाद्या सटीप पोथीसारखी वाटते. फक्त येथे मूळ कोणते आणि टीप कोणती, हे सांगता येत नाही. फ्रांकफुर्टचे समीक्षक बेर्नहार्ट डीबोल्ट यांनी त्या वेळी या नव्या कलेला 'डोळ्यांचे संगीत' म्हटले. नाव सुंदर आहे, पण त्यात एक धोकाही आहे. डोळ्यांचे संगीत जर पडद्यावर असेलच, तर कानांच्या संगीताने वेगळे काय करायचे? आकार टोचला की स्वरानेही टोचायचे, आकार वाहिला की स्वरानेही वाहायचे, एवढेच त्याचे काम उरले तर ते सावलीची सावली होते.

रुटमान पुढे रायनिगर यांच्याच चमूत आले. बँकमालक लुई हागेन यांनी चलनफुगवट्याच्या काळात पैसा कागदी राहू नये म्हणून कोरी फिल्म विकत घेऊन ठेवली होती. ती त्यांनी या तरुणीला देऊ केली आणि पोट्सडाम येथे आपल्या मोटारखान्यावरची माळ्याची जागा दिली. तेथे १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षे रायनिगर, त्यांचे पती कार्ल कॉख, रुटमान, बेर्टहोल्ट बार्टोश आणि एकदोन साहाय्यक काम करीत होते. काळ्या पुठ्ठ्याच्या, सांध्यांत तार ओवलेल्या आकृती खालून उजळलेल्या काचेवर ठेवायच्या, केसभर सरकवायच्या, वरून चौकट टिपायची. जादूची दृश्ये रुटमान यांच्याकडे होती. ती करताना त्यांनी रायनिगर यांना विचारले होते, की या परीकथेचा १९२३ सालाशी संबंध काय? रायनिगर यांचे उत्तर अगदी साधे होते: संबंध काही नाही, मी आत्ता जिवंत आहे आणि मला संधी मिळाली आहे. त्या वर्षी जर्मनीत पाव विकत घ्यायला पोतेभर नोटा लागत होत्या, हे ध्यानात घेतले की प्रश्नही खरा वाटतो आणि उत्तरही.

त्सेलर हे बर्लिनच्या फोल्क्सब्यूने या नाट्यगृहाचे संगीतकार. चित्रपट तयार होत असतानाच, रायनिगर यांच्या सहकार्याने, त्यांनी त्याचे संगीत रचले. २ मे १९२६ रोजी त्याच नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला. हे बैठकीचे नव्हे, वाद्यवृंदाचे संगीत आहे, आणि ते देखणे आहे यात शंका नाही. पण ते पात्रांची ओळख फार लवकर करून देते. बगदाद आले की बगदादचा रंग, चीनचा बादशहा आला की चीनचा. ऐकणाऱ्याला विचार करायला वेळच मिळत नाही. कोण आपला आणि कोण परका, हे कानाने आधीच ठरवून टाकलेले असते. आफ्रिकेच्या जादूगाराला वर्ग का हसला, याचे अर्धे उत्तर येथे आहे. उरलेले अर्धे चित्रातच आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

१९२७ च्या जुलैत बाडेन-बाडेन येथील चेंबर म्युझिकच्या महोत्सवात हा प्रश्न नव्या रूपात पुढे आला. तेथे हान्स आइस्लर यांनी रुटमान यांच्या 'ओपुस ३' या मूक अमूर्तपटाला लहान वाद्यमेळासाठी संगीत दिले, तर पाउल हिंडेमिट यांनी फेलिक्स या कार्टूनमधल्या मांजराच्या सर्कसपटाला यांत्रिक ऑर्गनचे. (हिंडेमिट यांचे हे संगीत पुढे हरवले.) आइस्लर यांच्या प्रयोगाला कार्ल रोबेर्ट ब्लुम यांच्या यंत्राचे साहाय्य होते: चित्रपटाच्या गतीने सरकणारी स्वरलिपीची पट्टी संचालकाच्या डोळ्यांसमोरून जाई. बुटिंग यांच्या स्वरलिपीतील रंगीत आकृत्यांचे काम आता यंत्र करू लागले. आमच्या मते हा क्षण फार महत्त्वाचा आहे. मात्रा आणि चौकट जुळविण्याची चिंता मिटली, की जुळवायचेच कशाला, असे विचारण्याची मोकळीक मिळते. कसरत संपते आणि आशयाचा प्रश्न सुरू होतो.

आइस्लर यांनी तो प्रश्न सोडला नाही. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडून अमेरिकेत पोहोचल्यावर रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने त्यांनी चित्रपटसंगीताचा एक संशोधनप्रकल्प चालविला आणि त्यात १९४१ साली योरिस इवेन्स व मानस फ्रांकेन यांच्या 'पाऊस' (१९२९) या मूक लघुपटाला नवे संगीत दिले. हा अ‍ॅनिमेशनपट नव्हे, अ‍ॅम्स्टरडॅममधला खराखुरा पाऊस आहे. आणि १९३२ साली त्याला एक संगीत मिळालेही होते. तरीही बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो एवढ्या पाच वाद्यांत त्यांनी ते पुन्हा रचले. नाव ठेवले 'पावसाचे वर्णन करण्याचे चौदा प्रकार'. प्रकार चौदा, कारण थेंबाला थेंबाचा स्वर देणे हा त्यांतला फक्त एक. गुरू आर्नोल्ड श्योनबेर्ग यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला त्यांनी ही रचना अर्पण केली.

या प्रकल्पातून आणि थिओडोर आडोर्नो यांच्या सहकार्यातून निघालेले, १९४७ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे चित्रपटसंगीतावरील पुस्तक आमच्या विद्यार्थ्यांनी वाचावे असे आम्हांला फार वाटते. (पहिल्या आवृत्तीवर आडोर्नो यांचे नाव नव्हते.) चित्रपटसंगीताच्या वाईट खोडींची त्यांनी तेथे जी यादी दिली आहे, तीत एक खोड भूगोलाची आहे: देश दिसला की त्या देशाचे ठरीव सूर वाजवायचे. ही केवळ आळसाची गोष्ट आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. याच त्सेलर यांनी १९४० साली 'यूट ज्यूस' या कुप्रसिद्ध ज्यूद्वेष्ट्या प्रचारपटाला संगीत दिले. आख्मेदच्या संगीतात त्या चित्रपटाचे बीज होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९२६ चा त्सेलर १९४० च्या गुन्ह्याबद्दल आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करता येत नाही. परंतु माणसांच्या एकेका समूहाला एकेक ध्वनीची चिठ्ठी चिकटविण्याचे कसब परीकथेत निरुपद्रवी वाटते आणि प्रचारपटात प्राणघातक ठरते. कसब तेच असते.

म्हणूनच आख्मेदला नवे संगीत देणाऱ्यांचे आम्ही स्वागत करतो. अशांची संख्या आता बरीच आहे. २०१४ साली स्पेनमधील कास्परवेक या त्रयीने विगो येथे आपली रचना सादर केली, हे एक उदाहरण. मोजक्या वादकांचा मेळ या कामाला विशेष अनुकूल असतो, असेही आम्हांला वाटते. चाळीस वादकांचा वृंद पडद्याला झाकून टाकतो; तीन-चार वादक असले, की एक जण चित्राबरोबर चालू शकतो, दुसरा त्याच्याशी वाद घालू शकतो आणि तिसरा गप्प बसू शकतो. गप्प बसणे हीही संगतच. मात्र जुने संगीत बाजूला सारून नव्हे. चित्रपटाची मूळ निगेटिव्ह नष्ट झाली आहे. १९९९ साली उरलेल्या रंगछटित प्रतीवरून त्याचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा त्सेलर यांचे संगीतही पुन्हा ध्वनिमुद्रित झाले. दोन्ही ऐकावीत. ज्ञानेश्वरीचे वाचन करताना एकच भाष्य हाती धरून चालत नाही, हे आपण वर्गात सांगतोच.

आपल्या फाळक्यांनीही १९१५ साली आगकाड्या एकेक करून हलवून 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला होता. तो आज उपलब्ध नाही. नव्या संगीताला कोरी जागा लागते हे खरे, पण ती जागा इतकीही कोरी असून चालत नाही.

यंदा आम्ही जादूगाराचा प्रसंग वर्गात तीनदा दाखविणार आहोत: एकदा त्सेलर यांच्या संगीतासह, एकदा नुसता, आणि एकदा आमच्याच विद्यार्थ्यांनी रचलेल्या संगीतासह. सारंगी लावणारी ती विद्यार्थिनी आता एम.ए. होऊन गेली, तिच्या मागून आलेल्या एका संवादिनीवादकाने काम अंगावर घेतले आहे. परवा त्याने विचारले, की साखळी ताणली जाते ती नेमकी कितव्या चौकटीला? संगणकावर ती चौकट सापडायला आम्हां दोघांना अर्धा तास लागला. ती सापडल्यावर तो थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, इथे मी काहीच वाजवणार नाही."