कोरडवाहू झिनफँडेल

झिनफँडेलचा घड हातात घेतला की बागायतदाराला आधी रागच येतो. एकाच घडात काही मणी पिकून काळेभोर, त्यांना खेटून काही सुकून मनुके झालेले आणि मधेच चार हिरवे, कच्चे. आम्ही दिंडोरीकडचे लोक थॉम्पसन द्राक्षावर वाढलेले. मणी एकसारखा, गोडी एकसारखी, नाहीतर व्यापारी बागेत पाऊल टाकत नाही. सुला वाइनरीने आमच्या जिल्ह्यात ही जात लावली, तेव्हापासून मला एकच कोडं पडलंय: असली लहरी वेल कॅलिफोर्नियात शंभर-सव्वाशे वर्षं जपली कोणी?

आणली कोणी, यावर तिकडे बरीच वर्षं एक दंतकथा चालली. सोनोमात 1857 साली बुएना व्हिस्टा वाइनरी काढणाऱ्या ऑगोस्टोन हाराझ्थी या हंगेरियन गृहस्थाने ती आणली, असं त्याच्या मुलाने, अर्पादने, बापाच्या मागे सांगितलं आणि लोकांनी मानलं. चार्ल्स सलिव्हन या इतिहासकाराने जुने कागद काढून तो दावा मोडला. 1830 साली विल्यम प्रिन्सने न्यूयॉर्कमधून काढलेल्या द्राक्षावरच्या पुस्तकात ही जात जवळपास याच नावाने छापलेली आहे, आणि हाराझ्थी अमेरिकेत उतरला तो 1840मध्ये! लाँग आयलंडच्या जॉर्ज गिब्जने व्हिएन्नाच्या शाही संग्रहातून 1829च्या सुमारास मागवलेल्या काड्यांबरोबर ती आली असावी. बोस्टनकडचे लोक तिला काचघरात वाढवून खायची द्राक्षं म्हणून विकत. तिथून 1850च्या दशकात ती कॅलिफोर्नियात गेली. मूळ हंगेरीचंही नव्हे: 2001 साली डीएनए जुळला तो क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या एका बागेतल्या मोजक्या वेलींशी.

सोन्यासाठी आलेली माणसं सिएरा पर्वताच्या पायथ्याशी अमाडोर भागात स्थिरावली, तशी ही वेलही तिथे रुजली. मांडव नाही, तारा नाही. आखूड छाटलेला, झुडपासारखा उभा बुंधा आणि बाग बहुतेक कोरडवाहू. अमाडोरमधल्या एका बागेची नोंद 1869पासूनची आहे. आमच्याकडे पंधरा वर्षांची बाग म्हातारी ठरते, हे लक्षात घ्या. पुढे फिलॉक्सेरा किडीने मुळं खाल्ली, मग लोकांनी खुंटावर कलमं केली. आम्ही डॉगरिजचा खुंट वापरतो तो खारं पाणी आणि टंचाईपायी. त्यांचं कारण मुळावरची कीड. जुन्या बागांत झिनफँडेलच्या जोडीला कॅरिन्यान, पेटीट सिरा अशा जाती एकाच वाफ्यात मिसळून लावलेल्या असत आणि तोडही एकत्रच होई.

1920 ते 1933 अमेरिकेत दारूबंदी होती. पण घरापुरता फळांचा रस वर्षाला 200 गॅलनपर्यंत काढायला मुभा होती. तो रस पुढे काय होतो, हे सरकारलाही ठाऊक असावं. रेल्वेचे डबे भरभरून द्राक्षं पूर्वेकडे गेली, म्हणून बागा राहिल्या.

खरी गोष्ट त्यानंतरची. झिनफँडेल स्वस्त लाल वाइनच्या पिंपात बिनानावाची जात होती. तिला नाव दिलं ते दुसरी नोकरी असलेल्या माणसांनी. 1959 साली स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या चौघांनी सांताक्रूझच्या डोंगरावर जमीन घेतली, तीच रिज वाइनरी. त्यांची पहिली झिनफँडेल 1964ची, त्याच डोंगरावरच्या एकोणिसाव्या शतकातल्या छोट्या बागेतली. 1966मध्ये गायसरव्हिलच्या जुन्या बागेची वाइन आली. विमानाचा पायलट जोसेफ स्वान याने 1967मध्ये फॉरेस्टव्हिलला जुनी बाग घेतली आणि 1968चं पीक बाटलीत भरलं. त्याच्या हाताखाली शिकलेला जोएल पीटरसन इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करायचा. रेव्हन्सवुड वाइनरीची सुरुवात त्याने 1976मध्ये केली, तीही दुसऱ्यांच्या बागांतला माल विकत घेऊन. यांच्यापैकी कोणाकडेही मोठं भांडवल नव्हतं. जुन्या बागेचा मालक शोधायचा आणि त्याला बरा भाव द्यायचा, हाच त्यांचा धंदा.

सटर होम वाइनरीच्या बॉब ट्रिंचेरोचं मात्र वेगळंच घडलं. सॅक्रामेंटोचा किराणा दुकानदार डॅरेल कॉर्टी याने त्याला अमाडोरच्या जुन्या बागांकडे नेलं. लाल वाइन दाट व्हावी म्हणून ट्रिंचेरोने 1972 साली आंबवण्याआधीच थोडा रस काढून घेतला आणि त्या फिक्या रसाची वेगळी वाइन केली. 1975मध्ये त्या रसाचं आंबणं मधेच थांबलं, साखर तशीच उरली. गोडसर, गुलाबी! लोकांनी ती उचलून धरली आणि 1980च्या दशकात ती अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या वाइनांत गेली. रसिक अजून नाकं मुरडतात. मी शेतकरी, मला त्यात वावगं दिसत नाही: लाल वाइनला गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा या गोड गुलाबी मालानेच जुन्या बागांचा भाव टिकवला आणि शंभर वर्षांचे बुंधे उपटायची पाळी बऱ्याच जणांवर आली नाही.