मुत्सु युद्धनौकेचं पोलाद प्रयोगशाळेत कसं पोचलं?

माझ्या कामात गॅमा किरण मोजणारा डिटेक्टर रोज लागतो. त्याची एक गंमत आहे. समोर काहीही नमुना ठेवला नाही तरी तो मोजतच राहतो! भिंतीतल्या विटा, जमीन, आकाशातून येणारे वैश्विक किरण, शेजारी उभा असलेला मी, सगळ्यांचीच त्यात थोडी थोडी भर पडते. म्हणून डिटेक्टरभोवती जाड धातूचं कवच बांधतात. पण ते कवचच किरणोत्सारी निघालं तर? म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं. या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी एका जपानी युद्धनौकेपर्यंत पोचलो.

तिचं नाव मुत्सु. नागातो वर्गातली ही दुसरी नौका. १९१८ मध्ये योकोसुकाच्या नौदल गोदीत तिचं बांधकाम सुरू झालं आणि ऑक्टोबर १९२१ मध्ये ती नौदलात दाखल झाली. तिच्यावर ४१ सेंटीमीटर व्यासाच्या आठ तोफा होत्या. तेव्हाच्या जगात एवढ्या मोठ्या तोफा असलेल्या नौका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. तिच्या खर्चात शाळकरी मुलांनी दिलेल्या देणग्यांचाही वाटा होता.

लगेचच वॉशिंग्टन परिषद भरली. बड्या देशांनी युद्धनौकांची संख्या मर्यादित ठेवायची आणि अपूर्ण नौका मोडीत काढायच्या, असं ठरत होतं. अमेरिका आणि ब्रिटनचं म्हणणं होतं की मुत्सु अजून पूर्ण झालेलीच नाही. जपान मात्र हटून बसला. शेवटी तडजोड झाली. मुत्सु वाचली, तिच्या बदल्यात जुनी सेत्सु गेली. मात्र अमेरिकेला दोन नौका पूर्ण करायची आणि ब्रिटनला दोन नव्या बांधायची मुभा मिळाली. एका नौकेसाठी जपाननं केवढी किंमत मोजली बघा!

एवढं करून मुत्सुनं केलं काय? १९२३ च्या कांतो भूकंपानंतर तिनं मदतसामग्री वाहिली. १९३४ ते १९३६ या काळात तिचं आधुनिकीकरण झालं. १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईला ती यामामोतोंच्या मुख्य ताफ्यात होती, पण तो ताफा लढाईपासून खूप मागे राहिला. त्याच ऑगस्टमध्ये सॉलोमन बेटांच्या मोहिमेत तिनं एका शत्रूच्या टेहळणी विमानावर चार गोळे डागले. संपूर्ण युद्धात तिनं शत्रूवर झाडलेले गोळे एवढेच. युद्धाचा निकाल विमानं आणि विमानवाहू नौका लावत होत्या, आणि या महागड्या तोफा वाट बघत बसल्या होत्या.

८ जून १९४३. हिरोशिमाच्या दक्षिणेला हाशिराजिमाजवळ मुत्सु नांगरून होती. दुपारी बारा वाजून गेले होते. अचानक तिसऱ्या क्रमांकाच्या तोफ-बुरुजाखालचं दारूगोळ्याचं कोठार फुटलं आणि नौकेचे दोन तुकडे झाले. त्या दिवशी जहाजावर १,४७४ लोक होते. त्यात भेटीवर आलेले हवाई दलाचे प्रशिक्षणार्थीही होते. त्यातले १,१२१ जण गेले. जवळपास शत्रू कुठेच नव्हता.

ही बातमी दडपण्यात आली. वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पॅसिफिकमधल्या दूरच्या ठाण्यांवर पाठवलं. कप्तान मियोशी यांचा मृतदेह पाणबुड्यांना जूनमध्येच सापडला होता, पण त्यांच्या पत्नीला अधिकृतपणे कळवलं गेलं ते जानेवारी १९४४ मध्ये. स्फोट कशामुळे झाला? सुरुवातीला विमानविरोधी आगलाव्या गोळ्यांवर संशय होता. चौकशी समितीनं अखेर बोट ठेवलं ते एखाद्या नाराज खलाशाच्या कृत्यावर. ते सिद्ध मात्र कधीच झालं नाही.

आता डिटेक्टरकडे परत येऊ. १६ जुलै १९४५ ला पहिली अणुचाचणी झाली. पुढच्या दोन दशकांत हवेत शेकडो चाचण्या झाल्या आणि किरणोत्सारी कण जगभर पसरले. पोलाद बनवताना वितळलेल्या लोखंडातून प्रचंड प्रमाणात हवा किंवा ऑक्सिजन फुंकतात, त्यामुळे हे कण पोलादात शिरले. भर म्हणून झोतभट्टीच्या आतलं अस्तर किती झिजलंय ते कळावं यासाठी त्यात कोबाल्ट-६० बसवायची पद्धत आली. अस्तर झिजलं की तो कोबाल्टही लोखंडात मिसळायचा.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. बुडालेल्या जहाजाचं पोलाद समुद्राच्या पाण्यानं जपलं, असं लोकांना वाटतं. तसं नाही. महत्त्वाची आहे ती पोलाद ओतल्याची तारीख. १९४५ पूर्वी बनलेलं कुठलंही पोलाद चालेल, ते जमिनीवर असलं तरी. फक्त जमिनीवरचं बहुतेक पोलाद भंगारात जाऊन नव्या पोलादात मिसळून गेलं. मुत्सुचं मिसळलं नाही, कारण ते कुणाच्या हाताला लागतच नव्हतं.

१९७० पासून १९७८ पर्यंत तिचा बराचसा भाग वर काढला गेला. जपानमध्ये शरीरातली आणि पर्यावरणातली सूक्ष्म किरणोत्सारिता मोजणाऱ्या यंत्रांच्या कवचांसाठी त्यातलं पोलाद वापरलं. युद्धनौकेचं चिलखत इतकं जाड की कवचाला अगदी योग्य! १९६३ च्या करारानंतर हवेतल्या चाचण्या कमी झाल्या. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल सव्वापाच वर्षं, त्यामुळे तोही ओसरला. आज बहुतेक कामांना नवं पोलाद चालतं.

ज्या ठिकाणी मुत्सु बुडाली, तिथून हिरोशिमा जेमतेम ४०-४५ किलोमीटर. त्या शहरावर बॉम्ब पडला तेव्हा तिला बुडून दोन वर्षं होऊन गेली होती.

मी रोज नमुन्याच्या आकड्यातून पार्श्वभूमीचा आकडा वजा करतो. आमच्या क्षेत्रात 'स्वच्छ पोलाद' हा शब्द सर्रास वापरतात, मीही वापरतो. त्यातल्या एका स्वच्छ पोलादामागे १,१२१ माणसं आहेत, आणि त्यातल्या कित्येकांच्या घरी महिनोन्महिने कुणी काही सांगितलं नव्हतं. शोधनिबंधातल्या 'उपकरणे' या विभागात हे लिहायला जागा नसते, म्हणून इथे लिहिलं.