अण्णांची ट्रंक

१९३८ साली निजामाच्या राज्यात 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून औरंगाबाद-हैदराबादच्या शेकडो विद्यार्थ्यांची नावं कॉलेजातून कटली. पुष्कळांना नागपूर विद्यापीठानं आसरा दिला. आमचे अण्णा त्यांतलेच. ते सांगायचे, "नाव कटल्याचं दुःख नाही रे. पण वसतिगृहात झडतीला आले, ट्रंक उपसली अन् आईची पत्रं चारचौघांत वाचली. ते नाही विसरलो."

२०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी एकमतानं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. अण्णा तेव्हा नव्हते.

परवा नातीच्या शाळेत मोबाइलसाठी दप्तरं तपासली. मोबाइल नव्हता, डायरी सापडली, ती वर्गात वाचली. पोर रात्री जेवली नाही.

दप्तर बघा, बाई. डायरी मात्र मिटलेलीच परत द्या.