बोंबील खाऊ की नको? समुद्रातल्या उतरंडीची गोष्ट

"डॉक्टर, दिवस गेलेत. मासे खाल्ले तर चालतील ना? कुठले खाऊ?" हा प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो. उत्तन, पाली, चौक या किनाऱ्यावरच्या घरात मासे बंद करा म्हणणं म्हणजे रोजच्या ताटातली प्रथिनं काढून घेणं. पण 'सगळे मासे सारखेच' हेही खरं नाही. याचं उत्तर समजून घ्यायचं तर थोडा इतिहास बघावा लागतो.

एका डोलीत जेवणारे आणि जेवण

उत्तनचे कोळी पिढ्यान् पिढ्या डोल लावतात. समुद्रात खुंट रोवून बांधलेलं हे पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीच्या ओढीने जे आत येईल ते अडकतं : बोंबील, मांदेली, करंदी, जवळा. पावसाळा सरला की किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर जबड्यात जबडा अडकवलेले बोंबील वाळताना दिसतात.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७० साली एस. व्ही. बापट यांचा बोंबलावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बोंबलाच्या पोटात काय सापडतं? जवळा, कोळंबी, लहान मासे आणि चक्क बोंबलाचीच पिल्लं! म्हणजे डोलीत सापडलेला बोंबील आणि त्याच डोलीतला जवळा हे एकमेकांचे नुसते शेजारी नाहीत. एक खाणारा आहे, दुसरा त्याचं खाणं.

उतरंड वर निमुळती का होते?

चार्ल्स एल्टन हा इंग्रज तरुण १९२१ साली उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गन बेटांवर गेला. तिथे प्राणी मोजकेच, त्यामुळे कोण कोणाला खातं हे उलगडणं सोपं होतं. १९२७ च्या पुस्तकात त्याने 'अन्नसाखळी' ही कल्पना नीट मांडली आणि एक साधी गोष्ट दाखवली : खाल्ले जाणारे खूप असतात, खाणारे थोडे. आपल्या घरातल्या मडक्यांच्या उतरंडीसारखं. खाली मोठं, वर लहान.

असं का, याचं उत्तर अमेरिकेतल्या रेमंड लिंडमनने दिलं. मिनेसोटातल्या एका लहानशा तळ्याचा त्याने काही वर्षं अभ्यास केला आणि सगळा हिशेब ऊर्जेत मांडला. त्याचा लेख आधी नाकारला गेला. १९४२ साली तो छापून आला तेव्हा लिंडमन जगात नव्हता. यकृताच्या आजाराने तो २६ व्या वर्षीच गेला होता.

त्याचं म्हणणं आपल्या शरीरावरूनही कळतं. आपण रोज जेवतो, पण रोज वजन वाढत नाही. बहुतेक ऊर्जा श्वास, हालचाल आणि शरीराची ऊब यांत खर्च होते. माशाचंही तसंच. म्हणून प्रत्येक पायरीवर ढोबळमानाने दहावा हिस्साच पुढे जातो. हा ठोकताळा आहे, प्रत्यक्षात आकडा कमीजास्त होतो. त्या हिशेबाने एक किलो बोंबील तयार व्हायला दहा किलो जवळा लागतो. तो बोंबील खाऊन मोठ्या माशाचं वजन मात्र १०० ग्रॅमच वाढतं. मोठे शिकारी मासे कमी आणि महाग असतात, त्याचं एक कारण हे.

ऊर्जा गळते, विष गळत नाही

हिशेबाची दुसरी बाजू जगाला कळली ती फार मोठी किंमत देऊन. जपानमधल्या मिनामाटा या गावी चिस्सो कंपनीचा कारखाना पारा असलेलं सांडपाणी खाडीत सोडत होता. खाडी मोठी, पारा थोडा, तो पाण्यात विरून जाईल असंच कुणालाही वाटेल. पण कोळ्यांच्या घरातली मांजरं झिंगल्यासारखी नाचत मरू लागली. मग माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे डॉ. होसोकावा यांनी या अनोळखी आजाराची नोंद सरकारकडे केली. कारण पारा आहे हे सरकारने मान्य करायला १९६८ उजाडलं.

झालं काय होतं? मासा खाल्लेली ऊर्जा खर्च करतो, पण मिथिल पारा शरीरातून फार हळू बाहेर पडतो. दहा लहान माशांतला पारा एका मोठ्या माशात साठतो, अशा दहा मोठ्यांतला त्याहून मोठ्यात. ऊर्जेची उतरंड वर निमुळती होते, विषाची उलटी, वर रुंद होत जाते. आणि सगळ्यात वरच्या मडक्याच्याही वर माणूस बसलेला असतो.

त्याहून वर आणखी एकजण होता. वार संरक्षण करते, आईच्या रक्तातलं विष बाळापर्यंत जात नाही, असं तेव्हाचे डॉक्टर मानत. मिनामाटात आया बऱ्यापैकी धडधाकट आणि बाळं मात्र जन्मतः अपंग, असं दिसलं. डॉ. मासाझुमी हाराडा यांनी याचा पाठपुरावा केला. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ जपून ठेवतात. पुढे त्या नाळांमध्येच पारा सापडला.

मग ताटात काय?

- बोंबील, मांदेली, जवळा, करंदी, तारली हे उतरंडीत खालचे आणि कमी जगणारे मासे. गरोदरपणात आठवड्यातून दोन-तीनदा, नीट शिजवून, जरूर खा. प्रथिनं, ब१२, आयोडीन आणि ओमेगा-३ मिळतात.
- मोठी मुशी, तलवार मासा यांसारखे बरीच वर्षं जगणारे शिकारी मासे गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना टाळा.
- मीठ लावून सुकवलेले मासे रक्तदाब असणाऱ्यांनी बेताने खावेत.

स्वस्त म्हणून बोंबील कमी प्रतीचा, असं मानू नका. तो स्वस्त आहे कारण उतरंडीत खाली आहे, आणि पाऱ्याच्या बाबतीत सुरक्षित आहे तोही त्याच कारणाने. फक्त ही सुरक्षितता खाडी आणि समुद्र स्वच्छ असेपर्यंतच. कारखान्याचं पाणी असो की कचऱ्याच्या डोंगरातून झिरपणारं, आपण खाली जे सोडतो ते पायरी पायरीने वर चढून आपल्याच ताटात येतं.