पंखा कशासाठी फिरतो? : एसएमपीएसची पन्नास वर्षं

अकोल्यात मी बरीच वर्षं संगणक जोडून देण्याचा आणि दुरुस्तीचा धंदा केला. गिऱ्हाईक प्रोसेसर विचारायचं, रॅम विचारायचं, हार्ड डिस्क किती जीबीची ते विचारायचं. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा स्विच मोड पॉवर सप्लाय, कोणता टाकणार, हे विचारणारा माणूस क्वचित भेटला. कॅबिनेटसोबत जो पत्र्याचा डबा आला, तोच चालवायचा. पण घरातला संगणक किती वीज खातो आणि किती घरघरतो, हे बरंचसं त्याच डब्यात ठरतं. पंख्याचा आवाज म्हणजे वाया गेलेल्या विजेची पावती, हे माझं ठाम मत आहे. या डब्याचा इतिहास पाहिला की ते पटतं.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला बहुतेक यंत्रांत लिनिअर सप्लाय असायचा. 50 हर्ट्‌झवर चालणारा लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवायचा आणि जास्तीचं व्होल्टेज रेग्युलेटर उष्णता करून टाकून द्यायचा. आत गेलेल्या विजेपैकी निम्मी कामी आली तरी पुष्कळ. स्विचिंगची रीत वेगळी. भिंतीतल्या 230 व्होल्टचे आधी साधारण 325 व्होल्ट डीसी करायचे, मग ट्रान्झिस्टरने ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायचे. इतक्या वेगाने काम होत असलं की फेराइटचा मुठीएवढा ट्रान्सफॉर्मरही पुरतो आणि उष्णता कमी होते. उपग्रहांत आणि लष्करी उपकरणांत हे तंत्र 1960च्या दशकातच होतं. जास्त व्होल्टेज झेलणारे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि 1976 मध्ये बॉब मॅमानो यांनी सिलिकॉन जनरल कंपनीत हे सगळं नियंत्रण एका चिपमध्ये बसवलं, तेव्हा ते सामान्य यंत्रांच्या आवाक्यात आलं.

1977 च्या ॲपल टूमध्ये पंखा नव्हता. स्टीव्ह जॉब्स यांना टेबलावरच्या यंत्रात पंख्याचा आवाज नकोच होता. ती अट रॉड होल्ट या अभियंत्याने पाळली आणि जेमतेम 38 वॉटचा स्विचिंग सप्लाय तयार केला. डिसेंबर 1978 मध्ये त्याला पेटंट मिळालं. हे तंत्र ॲपलने शोधलं असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं, ते खरं नाही. होल्ट यांचं श्रेय वेगळं आहे. घरात शांत यंत्र हवं असेल तर सुरुवात वीजपुरवठ्यापासून करावी लागते, हे त्यांनी करून दाखवलं.

ही दिशा लवकरच सुटली. ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्याचा सप्लाय 63.5 वॉटचा होता आणि डब्यात पंखा होता. आयबीएमच्याच 1983 च्या एक्सटीमध्ये हार्ड डिस्क आली आणि सप्लाय 130 वॉटचा झाला. 1984 च्या एटीमध्ये तो 192 वॉटवर गेला. स्लॉटमध्ये मालक पुढे काय काय खुपसेल याचा अंदाज धरून हे आकडे ठरत होते. जगभरच्या कारखान्यांनी त्याच मापाचे डबे काढले, आणि पंखा हा संगणकाचा अवयवच आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

हेच एटी डबे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आमच्याकडे यायचे. त्यात पुढच्या बटणापर्यंत थेट 230 व्होल्टच्या चार तारा गेलेल्या असायच्या, त्यांच्यावर टेप नीट गुंडाळलेली आहे ना, हे मी आधी पाहायचो. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स रचना आणली, तेव्हा बटणातली ही मेन्सची तार गेली. सॉफ्टवेअरने संगणक बंद करता येऊ लागला. त्यासाठी 5 व्होल्टची एक वाट मात्र कायम जागी राहू लागली. म्हणून भिंतीवरचं बटण बंद केलं नाही, तर ‘बंद’ संगणकही थोडी वीज घेतच राहतो.

याच काळात लेबलवरचे आकडे फुगू लागले. 300, 400, 450 वॉट. आम्ही मेकॅनिक लेबल वाचत नसू, डबा हातात घेऊन वजन पाहायचो. हलका लागला की समजायचं, आत हीटसिंक पातळ आहे आणि फिल्टरची कॉइल गाळली आहे. पण लेबल खरं असलं तरी आणखी एक अडचण होती. ऑफिसकामाचा किंवा घरगुती संगणक निवांत चालू असताना 30-40 वॉटवर भागवतो. त्याला 450 वॉटचा सप्लाय लावणं म्हणजे दोन माणसांच्या भातासाठी लग्नातलं पातेलं चुलीवर ठेवणं. सप्लायच्या स्वतःच्या सर्किटला काही वॉट लागतातच, आणि भार इतका थोडा असला की तो खर्च डोळ्यांत भरतो, कार्यक्षमता घसरते.

या उधळपट्टीला पहिलं माप लागलं ते 2004 मध्ये अमेरिकेत, 80 प्लस या योजनेने. एकोस कन्सल्टिंग या संस्थेने वीज कंपन्यांना सोबत घेतलं. तेव्हा बाजारातले बरेच सप्लाय 60 ते 70 टक्के कार्यक्षमतेचे होते. 20, 50 आणि 100 टक्के भाराला किमान 80 टक्के कार्यक्षमता दाखवा, प्रत्येक संगणकामागे अनुदान घ्या, असा तो सरळ व्यवहार होता. 2005 च्या सुरुवातीला सीसॉनिक कंपनीचा सप्लाय या कसोटीला पहिल्यांदा उतरला. 2007 मध्ये अमेरिकी सरकारच्या एनर्जी स्टार योजनेने हीच पातळी आपल्या नियमात घेतली. पुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम आणि टायटॅनियम अशा पायऱ्या आल्या. 115 व्होल्टच्या चाचणीत गोल्डला अर्ध्या भारावर 90 टक्के गाठावे लागतात. उष्णता घटली तसे पंखे 120 मिलिमीटरचे आणि संथ झाले. काही सप्लाय पंख्याशिवायही निघाले.

योजना मोलाची, पण तिचा शिक्का वाचताना हिशेब करावा. 450 वॉटच्या सप्लायची 20 टक्क्यांची चाचणी 90 वॉटवर होते. आपला संगणक दिवसभर त्याच्या कितीतरी खाली असतो. 10 टक्के भाराची अट फक्त टायटॅनियमला आहे. शिवाय चाचणी 23 अंशांच्या खोलीत होते, आणि आमच्या अकोल्याचा मे महिना 45 अंशांचा.

छोट्या भाराचं उत्तर दुसरीकडून आलं. 2001 मध्ये व्हीआयए कंपनीने 17 सेंटिमीटर चौरसाचा मिनी-आयटीएक्स बोर्ड आणला. मग बोर्डाच्या सॉकेटमध्येच बसणारा, बिनपंख्याचा पिकोपीएसयू आला. त्याला बाहेरून लॅपटॉपसारख्या ॲडॉप्टरचे 12 व्होल्ट दिले की झालं. राज्यात भारनियमन जोरात होतं त्या वर्षांत याची किंमत मला कळली. 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवर बॅटरीच्या साध्या यूपीएसवर कमी वॉटचा संगणक कितीतरी जास्त वेळ तग धरायचा. एक सावधगिरी मात्र हवी. ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेले काही सप्लाय स्वस्त यूपीएसच्या पायरीदार लहरीवर बंद पडतात, तेव्हा दोन्ही एकत्र चालवून पाहूनच घ्यावेत.

आता हिशेब. घरचा संगणक दिवसरात्र चालू आहे आणि आतल्या भागांना 30 वॉट लागतात असं धरा. 65 टक्क्यांचा सप्लाय भिंतीतून 46 वॉट ओढतो, 88 टक्क्यांचा 34. फरक 12 वॉटचा, वर्षाला सुमारे 105 युनिट. हा आकडा तुमच्या बिलातल्या दराने गुणून पाहा.

म्हणून नवा संगणक जोडताना आधी गरज मोजा. प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर मिळतं. पूर्ण भाराला भिंतीपाशी 80 वॉट दिसले, तर 150 ते 200 वॉटचा चांगला सप्लाय किंवा 120 वॉटचा ॲडॉप्टर आणि पिकोपीएसयूसारखा डीसी बोर्ड पुरतो. इतका छोटा, चांगल्या प्रतीचा एसएमपीएस मिळाला नाही, तर दुकानदाराला विचारा, ‘30 वॉटच्या भाराला याची कार्यक्षमता किती?’ त्याला सांगता आलं नाही तर कंपनीच्या माहितीपत्रकातला आलेख मागा. गिऱ्हाईक हा प्रश्न विचारू लागेल, तेव्हाच दुकानदार तसा माल ठेवू लागेल.